गळका ठरवलेला टब

माझ्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली. ती मी भर दुपारी, मालकाच्या अंगणात, मालकाच्याच घरचा चहा पीत केली. चोरीची वस्तू आंघोळीचा टब होती. हसा खुशाल, मीही हसतो. पण तो टब तुम्ही पाहिला असता तर माझ्याआधी तुम्हीच उचलला असता.

सौदीतल्या जुबैलला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी जोडलेल्या पाइपांत आणि टाक्यांत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. बायको म्हणते, हे काम मी लग्नाआधीपासून फुकट करत होतो. आमच्या कंपाऊंडमधली, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या वसाहतीतली, मराठी मंडळी दर शुक्रवारी कुणाच्यातरी घरी जेवायला जमतात. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा असतो. बायको भरली वांगी आणते, आणि मी गोष्ट आणतो. जेवणं झाली की सगळे माझ्याकडे वळतात आणि मी उभा राहतो. बसून गोष्ट सांगणं मला कधी जमलंच नाही, हात कमी पडतात.

शेजारच्या व्हिलात नाशिकचा एक मित्र राहतो. त्याला मी इथे नुसतं शेजारी म्हणणार आहे. गोष्ट सांगण्यात हा माणूस अगदीच बिनकामाचा. विनोद सांगायला घेतला की शेवट आधी सांगून टाकतो आणि मग त्यात हसण्यासारखं काय होतं ते समजावत बसतो. पण नशीब असं की वस्तू त्याच्याकडे चालत येतात. पार्किंगमधली एकुलती एक सावलीची जागा त्याला मिळाली. एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून, आम्ही दोघांनी कढीपत्ता आणला. त्याच्याकडे आज झाड आहे, माझ्याकडे काड्या आहेत. वहिनी दर आठवड्याला कुंपणावरून मूठभर पानं देतात. ती पानं पोह्यांत घातली की पोहे मला कडू लागतात.

कंपाऊंडच्या टोकाला एक म्हातारे इंग्रज साहेब राहायचे. पंपांतले जाणकार. मागच्या वर्षी ते नोकरी संपवून कायमचे मायदेशी निघाले. आमच्याकडे कुणी असा फायनल एक्झिटवर निघाला की घरातलं सामान अंगणात मांडतो आणि ग्रुपवर निरोप टाकतो. मग सगळं कंपाऊंड संध्याकाळी चपला घालून निघतं. गादीला हात लावून बघायचं, मिक्सर फिरवून बघायचा, आणि विकत घ्यायचं नसेल त्याची किंमत आवर्जून विचारायची.

साहेबांच्या अंगणात इस्त्रीचं टेबल आणि दोन पंखे यांच्यामध्ये तो टब होता. पहिल्यांदा तो टब वाटलाच नाही. पत्र्याची मोठी लांबट पेटी, वरून लाकडाच्या रेषा काढल्यासारखं तपकिरी रोगण, दोन्ही बाजूंना कड्या, झाकणावरून चामड्याचा पट्टा, पितळी कुलूप. साहेबांनी झाकण काढलं. आत वेताची टोपली होती, पेटीच्या मापाची. प्रवासात कपडे टोपलीत ठेवायचे. मुक्कामाला पोचलं की टोपली उचलून बाहेर ठेवायची, आणि खाली राहतो तो पांढऱ्या रंगाचा, गुळगुळीत, बसून आंघोळ करायचा टब. मी अक्षरशः टाळी वाजवली.

हा टब साहेबांच्या आजोबांचा. आजोबा तरुणपणी आफ्रिकेत कॉफीचा मळा करायला गेले तेव्हा त्यांनी लंडनच्या एका दुकानातून सगळं सामान घेतलं होतं. परक्या मुलखात जमीन घ्यायला निघालेल्या लोकांसाठीच ते दुकान होतं. त्याचा कॅटलॉगही साहेबांनी जपून ठेवला होता. तो मी उभ्या उभ्या चाळला आणि मला त्या दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं काय विकलं नव्हतं? मुंग्या शिरणार नाहीत अशा पेट्या. घडीचं टेबल, घडीची खाट, घडीची खुर्ची. घडीची बायको तेवढी नव्हती. पोटाला बांधायचा फ्लॅनेलचा पट्टा, तो बांधला की म्हणे कॉलरा होत नाही. आणि पाठीच्या कण्यावर बांधायची एक जाड गादी, ऊन कण्यातून मेंदूत शिरू नये म्हणून. भर उन्हात, पाठीवर गादी आणि पोटावर लोकर बांधून, घामाच्या धारांत उभा असलेला तो गोरा माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याला हे विकणारा दुकानदार मात्र लंडनच्या थंडीत शेकोटीशी बसला असणार.

मी फार हसलो, पण थोडं जपूनच. कारण मी पहिल्यांदा इथे निघालो तेव्हा पुण्यात मलाही असाच एक दुकानदार भेटला होता. त्याच्या दुकानात ‘गल्फला जाणाऱ्यांसाठी’ असा वेगळा कप्पाच होता. ‘साहेब, तिकडे काही म्हणजे काही मिळत नाही,’ असं तो गंभीरपणे म्हणाला, आणि मी कुकर, कुकरच्या सहा रिंगा, पोळपाट, दोन लाटणी आणि वाळूच्या वादळात घालायचा चष्मा घेऊन विमानात बसलो. इथल्या पहिल्याच सुपरमार्केटात कुकरची अख्खी भिंत होती. तो चष्मा मुलीनं पुढे शाळेच्या नाटकात वापरला, त्यात ती बेडूक होती.

तर, टब मला हवा होता. नुसता टब नव्हे. आजोबा, मळा, कण्यावरची गादी, हे सगळं मला हवं होतं. घरात टब असता तर वर्षभराच्या शुक्रवारांची सोय झाली असती. पण मी पडलो पुण्याचा. आमचा नियम असा की हवी असलेली वस्तू पहिल्या दिवशी मागायची नाही. तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं, पंख्याची चौकशी करायची, आणि शेवटच्या दिवशी सहज फिरकल्यासारखं जायचं. एक्झिटच्या आदल्या दिवशी माणूस वैतागलेला असतो. उरलेलं सामान उचलून नेणाऱ्याचे तो उलट आभार मानतो. हा नियम आजवर मला कधी चुकला नव्हता. माझ्याकडचे चार सोफे, दोन फ्रीज आणि एक ट्रेडमिल याच नियमानं आलेले आहेत.

शेवटच्या दिवशी गेलो तर अंगणात फक्त इस्त्रीचं टेबल होतं.

साहेब म्हणाले, टब तुमच्या शेजाऱ्याला दिला. विकला नाही, दिला. शेजारी म्हणे तीन संध्याकाळी येऊन बसला होता. पहिल्या दिवशी वहिनींनी साहेबांसाठी साबुदाण्याची खिचडी दिली होती, ती द्यायला गेला आणि बसला. काही मागितलं नाही, भाव केला नाही. साहेब आजोबांबद्दल बोलत राहिले आणि हा ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच टब त्याच्या गाडीत चढवला.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ‘तो बसून ऐकतो,’ ती म्हणाली. ‘तू उभ्यानं सांगतोस.’ मुलीनं मोबाईलमधून डोकंही वर केलं नाही. ‘बाबा, इट्स अ बकेट,’ ती म्हणाली. ‘अ बिग बकेट.’

पुढच्या शुक्रवारी जेवण शेजाऱ्याकडेच होतं. टब हॉलमध्ये, वर काच टाकून, टीपॉय म्हणून मांडलेला. सगळ्यांनी विचारलं, हे काय? शेजारी सांगायला लागला. काय ते सांगणं! ‘हा टब आहे. म्हणजे पेटी पण आहे. साहेबांच्या आजोबांचा आहे. ते आफ्रिकेत गेले होते. आता नाहीत.’ एवढा हिरा आणि हा माणूस तो वाटाण्यासारखा सोलत होता. मग तो खोकला, पाणी प्यायला, आणि ‘पण त्यात एक गंमत झाली होती,’ असं म्हणाला. माझा संयम तिथेच सुटला. मी उठलो. कण्यावरची गादी घेतली, फ्लॅनेलचा पट्टा घेतला, मळ्यात एक सिंह सोडला, टबात बसलेले आजोबा आणि बाहेर वाट बघणारा सिंह, असा समोरासमोरचा प्रवेशच करून दाखवला. लोक लोळले. शेजारीही हसला. त्याची गंमत काय होती ते कुणीच विचारलं नाही. घरी जाताना मात्र सगळे टबाला हात लावून गेले आणि ‘काय वस्तू मिळवलीत’ असं शेजाऱ्याला म्हणाले. गोष्ट माझी, कौतुक त्याचं.

महिन्याभरानं शेजारी सकाळी माझ्या दारात आला. त्याचे वडील, आबा, व्हिजिट व्हिसावर येणार होते, दिवाळी करून जाणार होते. त्यांचे गुडघे पार गेलेले. डॉक्टरनं रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलेलं. आमच्या व्हिलांत नुसती काचेची शॉवरची कपाटं आहेत, त्यात धड उभं राहता येत नाही, बसायचं तर सोडाच. म्हणून शेजारी टबावरची काच काढणार होता. ‘तू टाक्या तपासणारा माणूस,’ तो म्हणाला. ‘एकदा बघून सांग, पाणी धरेल ना?’

मी रीतसर तपासणी केली. त्याच्या मागच्या अंगणात दोन विटांवर टब ठेवला. बाहेरून सगळ्या जोडांवर खडूची भुकटी कालवून लावली, ती सुकू दिली, आणि काठापर्यंत पाणी भरलं. कुठे बारीक जरी गळती असेल तर पांढऱ्या खडूवर ओला डाग उठतो, लपत नाही. वहिनींनी चहा दिला. शेजाऱ्याला कारखान्यातून फोन आला, तो आत गेला. मी तासभर त्या टबाभोवती फिरलो, गुडघ्यांवर बसून जोड पाहिले, बोट फिरवलं. एक थेंब नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला मी मनात मुजरा केला. आमच्या कारखान्यातल्या नव्याकोऱ्या टाक्यांना असे जोड पाहायला मिळत नाहीत.

शेजारी फोन संपवून बाहेर आला आणि त्यानं भुवया उंचावल्या.

‘खालच्या जोडाची शिवण गेलीय,’ मी म्हणालो. ‘आज थेंबथेंब आहे. गरम पाणी घातलंस की उघडेल. म्हातारा माणूस आत असताना नको रे.’

मी हे का म्हणालो? मला वाटलं होतं तो टब पुन्हा टीपॉय होईल आणि हळूहळू त्याचं मन उडेल, आणि मग एखाद्या दिवशी मी पाठ करून उभा राहीन आणि पंख्याची चौकशी करीन. एवढं लांबचं गणित मांडलं होतं मी. शेजाऱ्यानं ते एका वाक्यात संपवलं. तो टबाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ‘मग तू घेऊन जा,’ तो म्हणाला. ‘तुला आवडला होता ना? माझ्या कामाचा नाही आता.’

आम्ही दोघांनी मिळून, एकेक कडी धरून, टब माझ्या घरी आणला.

तो माझ्या हॉलमध्ये कसा दिसत होता म्हणून सांगू! पहिल्या रात्री मी तीनदा झाकण उघडून बंद केलं. पण शुक्रवार आला, जेवण आमच्याकडे होतं, सगळे टबाभोवती बसले आणि कुणीतरी म्हणालं, ‘हा इकडे कसा आला ते सांगा.’ मी उभा राहिलो. हात वर केले. आणि माझ्या लक्षात आलं की या टबाची सगळ्यात रंगतदार गोष्ट तीच आहे आणि ती मला सांगता येणार नाही. मी सिंह पुन्हा आणला. या वेळी लोक तोंडदेखलं हसले.

‘शिवण कुठली गेलीय ते दाखव ना,’ बायको एकदा म्हणाली. मी म्हटलं, उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. तिनं टबात इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

आबा आले. ऐंशीच्या पुढचे, सडसडीत, आवाज खणखणीत. आयुष्यभर त्यांनी भांडी विकली. तरुणपणी डोक्यावर पितळी भांड्यांचा भारा घेऊन एका आठवडी बाजारातून दुसऱ्या बाजारात चालत जायचे. आल्या दिवशी माझ्या घराबाहेरचा बंद नळ हातानं चाचपून ‘वॉशर गेलाय’ असं सांगून गेले. वॉशर खरंच गेला होता.

माझी स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या मागच्या अंगणावर उघडते. रोज सकाळी मी तिथे चहाला उभा असतो. तिसऱ्या दिवशी पाहिलं: आबा रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलेले, पाय दोन वेगळ्या बादल्यांत. एक बादली मोठी, एक छोटी, त्यामुळे एक गुडघा पाण्यात आणि एक बाहेर. शेजारी खाली बसून बाहेरच्या गुडघ्यावर तांब्यानं पाणी सोडत होता. पाणी निवलं की आत जायचा, गरम करून आणायचा. कारखान्याची बस सुटायची वेळ होत आली होती आणि तो युनिफॉर्मची बाही वर करून बसला होता.

सांगतो, मला आधी दया आली नाही. आधी हेवाच वाटला. माझ्या वडिलांचे पाय मी असे कधी धुतले नव्हते. ते पुण्यात वारले तेव्हा मी इथे शटडाऊनवर होतो, कारखाना बंद ठेवून चालणाऱ्या दुरुस्तीच्या कामावर. तेवढंही या माणसाला मिळावं?

सात सकाळी मी ते पाहिलं. खिडकी बदलून चहा प्यायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या खिडकीतून फक्त बाहेर टाकून दिलेला ट्रेडमिल दिसतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी टबातले इस्त्रीचे कपडे काढून सोफ्यावर ठेवले. बायकोनं न विचारता दुसरी कडी धरली.

शेजारी अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होता. आम्ही टब खाली ठेवला आणि बायको आत वहिनींकडे गेली.

‘हा गळत नाही,’ मी म्हणालो. ‘कधीच गळत नव्हता.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘तुला विचारायच्या आदल्या दिवशी मी त्यात पाणी भरून ठेवलं होतं. सकाळी होतं तेवढंच होतं.’

‘मग विचारलंस कशाला?’

‘तू टाक्या तपासतोस. मी तुला न विचारता वडिलांना त्यात बसवलं असतं तर तुला राग आला असता.’

‘आणि मी खोटं बोलतोय हे कळूनही दिलास?’

त्यानं पाइप दुसऱ्या कुंडीकडे वळवला. ‘अरे, तू कामाच्या बाबतीत खोटं बोललास. एकोणीस वर्षांत तू खोटा रिपोर्ट दिलेला मी ऐकला नाही. म्हटलं, याला हा टब किती हवा असेल.’ मग म्हणाला, ‘राग आला होता. आबा आल्यावर जास्त आला. उद्या मी मागायलाच येणार होतो.’

मी त्याच्या हातातला पाइप घेतला आणि त्याच्या कढीपत्त्याला पाणी घातलं. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या अंगणात आबांचं अभ्यंगस्नान झालं. वहिनींनी तेल-उटणं लावलं, औक्षण केलं, आणि आम्ही दोघांनी आबांना धरून टबात बसवलं. नोव्हेंबरची हवा गार होती, पाण्यातून वाफा निघत होत्या. दोन्ही गुडघे एकदम पाण्याखाली गेले तसे आबांनी डोळे मिटले. मग त्यांनी काठावरून हात फिरवला, बोटानं पत्रा वाजवून पाहिला.

‘कुणाचा म्हणालास?’

शेजाऱ्यानं सांगितलं. आजोबा, आफ्रिका, मळा.

‘आणि त्या मळ्यापर्यंत वाहून कुणी नेला?’ आबा म्हणाले. ‘कपड्यांनी भरला की हे पुरतं एका डोक्याचं ओझं आहे.’

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. सवयीनंच, गोष्टीची वेळ आली की सगळे माझ्याकडे पाहतात. वहिनींनी पाहिलं, बायकोनं पाहिलं. इतक्या शुक्रवारी मी त्या मळ्यात सिंह फिरवला होता, पण तिथवर टब कसा गेला हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

‘मला नाही माहीत,’ मी म्हणालो. ‘तू सांग. तू ऐकलंस ना.’

आणि शेजारी सांगायला लागला. त्याच्या पद्धतीनं, अडखळत, शेवट मध्येच घालून. एक हमाल होता. वाटेत नदी लागली आणि ती फुगलेली होती. आजोबांना पोहता येत नव्हतं. त्या हमालानं टोपली काढली, कपड्यांचं गाठोडं बांधून आपल्या डोक्यावर घेतलं, आजोबांना टबात बसवलं आणि पोहत पोहत टब ढकलत पलीकडे नेला. आजोबांनी घरी पत्र लिहिलं की आपण नदी पोहून ओलांडली. साहेबांच्या घरात पन्नास वर्षं तेच सांगितलं गेलं. अगदी शेवटच्या आजारात आजोबा म्हणाले, मी पोहलो नव्हतो, मी टबात बसलो होतो, आणि मला पलीकडे नेणाऱ्या माणसाचं नाव मी विचारलं नाही.

हे सांगायला त्याला कितीतरी वेळ लागला. दोनदा तो मागे गेला, एकदा नदी विसरला. कुणी खोकलं नाही. वहिनी हातात आरतीचं तबक घेऊन तशाच उभ्या होत्या.

‘मग? तो माणूस पुढे?’ आबांनी विचारलं.

‘ते साहेबांना माहीत नव्हतं.’

माझ्या तोंडात त्या हमालाचे चार शेवट तयार होते. एकात तो मळ्याचा मुकादम होतो, एकात रात्रीतून टब घेऊन पळतो. चारही असे की शुक्रवारी लोकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण शेजाऱ्याच्या त्या मोडक्यातोडक्या गोष्टीपुढे एकही उभा राहिना, आणि मला इतका हेवा वाटला की जीभ उचलेना. मी तांब्या बादलीत बुडवला आणि आबांच्या पाठीवर पाणी सोडलं.

‘हळू,’ आबा म्हणाले. मी तांब्या ठेवून घराकडे वळलो. ‘आणि तू कुठे निघालास रे? बस. मी माझ्या डोक्यावरच्या ओझ्याचं सांगतो.’

मी टबाजवळच्या विटेवर बसलो.